चल सामग्री आणि स्थिर नोंद

भाषेचा अभ्यासक ज्या सामग्रीवर आपले निष्कर्ष उभारतो, त्या सामग्रीला काळाची एक खूण असावी लागते. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषांच्या पाहणीचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. त्यात निरनिराळ्या बोलींत उतरवून घेतलेली उधळ्या पुत्राची कथा आजही त्याच शब्दांत वाचावयास मिळते, आणि तिच्या आधारे कोणी काही विधान केल्यास दुसऱ्या अभ्यासकास ते पडताळून पाहता येते. २०११ च्या जनगणनेतील मराठी भाषिकांचा आकडा ८,३०,२६,६८० असा आहे, आणि देशाच्या बहुतेक भागापुरता तो १ मार्च २०११ ह्या दिवसाच्या आरंभक्षणाला लागू आहे. ह्या आकड्यावर अनेक आक्षेप घेता येतील. कोणती बोली कोणत्या भाषेखाली मोजली, प्रश्न कसा विचारला, उत्तर कोणी दिले, हे सारे प्रश्न रास्तच होत. परंतु निदान तो आकडा उद्या सकाळी दुसराच झालेला असेल, ही भीती वाचकास बाळगावी लागत नाही.

आंतरजालावरील सामग्रीचा स्वभाव ह्याच्या उलट आहे. ती सतत हालत असते, आणि तिचे महत्त्वही बहुधा ह्या हालण्यातच असते. गेल्या काही वर्षांत पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधिकांतून अशा सामग्रीचे तक्ते वाढत्या प्रमाणात दिसू लागले आहेत. त्यांपैकी पुष्कळ तक्ते हाताने उतरवून घेतलेले नसून स्प्रेडशीटमध्ये एका सूत्राच्या साहाय्याने आपोआप आलेले असतात. ही सोय मोठी आहे, आणि तिचा उपयोग विद्यार्थ्यांनी करू नये असे प्रस्तुत लेखकाचे मुळीच म्हणणे नाही. मात्र ह्या सूत्राने नेमके काय घडते हे समजून न घेता ते वापरले, तर प्रबंधिकेतील विधान एक सांगते आणि त्याचा आधार दुसरेच सांगतो, असा प्रसंग ओढवतो.

स्प्रेडशीट म्हणजे आडव्या ओळी आणि उभे रकाने ह्यांनी बनलेले पत्रक होय. डॅन ब्रिक्लिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी व्हिजीकॅल्क हे असे पहिले लोकप्रिय साधन १९७९ साली बाजारात आणले. तेव्हापासून आजपर्यंत त्याचे मूळ तत्त्व एकच राहिले आहे. पत्रकातील घरात जसा आकडा लिहिता येतो, तसेच एक सूत्रही लिहिता येते, आणि त्या सूत्राचे उत्तर घरात दिसते. एका घराचे सूत्र दुसऱ्या घराकडे पाहते, दुसरे बदलले की पहिलेही बदलते. आपल्या प्रस्तुत विषयात नवीन एवढेच की, येथे सूत्र पत्रकाच्या बाहेर पाहते. त्याची दृष्टी आंतरजालावरील एखाद्या पानाकडे लागलेली असते.

एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. जगातील सर्व भाषांतील विकिपीडियांची एक यादी विकिमीडियाच्या मेटा-विकी ह्या संकेतस्थळावर असते. तीत प्रत्येक भाषेपुढे लेखांची संख्या, एकूण पाने, संपादने, सदस्य, सक्रिय सदस्य असे रकाने असून यादी लेखसंख्येच्या उतरत्या क्रमाने लावलेली असते. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया ह्या यादीत आज कोठे आहे, गुजराती, कन्नड, कोकणी, भोजपुरी ह्यांच्या तुलनेत तेथे किती लोक प्रत्यक्ष लिहीत आहेत, हे पाहू इच्छिणाऱ्या अभ्यासकास ती यादी आपल्या पत्रकात हवी असते. गूगल शीट्समध्ये त्यासाठी इम्पोर्टएचटीएमएल ह्या नावाचे सूत्र आहे. त्याला तीन गोष्टी सांगाव्या लागतात : पानाचा पत्ता, आपल्याला तक्ता हवा की साधी यादी, आणि त्या पानावरील कितवा तक्ता हवा त्याचा क्रमांक. सूत्र एका घरात लिहिताच तेथून उजवीकडे आणि खाली सारा तक्ता पसरतो. वाटेत एखाद्या घरात आधीचे काही लिहिलेले असेल, तर पत्रक ते पुसून टाकीत नाही. तक्ता न पसरता मूळ घरात चुकीचा संकेत उमटतो. हा सभ्यपणा ह्या साधनात आहे खरा, पण तो सर्वत्र नाही, हे पुढे दिसेल.

सूत्राला तक्ता सापडतो कसा, हे भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याला समजावून सांगणे अवघड नाही. पडद्यावर दिसणारे पान हे वस्तुतः खुणांच्या भाषेत लिहिलेला मजकूर असतो. प्रत्येक खूण उघडते आणि मिटते, एका खुणेच्या पोटात दुसऱ्या खुणा असतात, आणि अशा रीतीने सबंध पानाचा एक वृक्ष तयार होतो. वाक्याच्या पोटात नामपदबंध आणि क्रियापदबंध, नामपदबंधाच्या पोटात विशेषण आणि नाम, अशी जी रचना आपण फळ्यावर काढतो, तिचाच हा भाऊबंद. तक्ता ही एक गाठ, तिच्याखाली ओळी, ओळीखाली घरे. ह्या वृक्षातील कोणत्याही गाठीचा पत्ता मुळापासूनच्या वाटेने सांगण्याची एक पद्धत एक्सपाथ ह्या नावाने १९९९ साली प्रमाण म्हणून मान्य झाली, आणि इम्पोर्टएक्सएमएल हे दुसरे सूत्र तिच्याच आधारे चालते. (जाता जाता सांगण्यासारखी गोष्ट अशी की, स्टीव्हन बर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्याच पद्धतीचा विस्तार करून वाक्यवृक्षांच्या संग्रहांत शोध घेण्यासाठी एलपाथ ही भाषा रचली. म्हणजे आपल्या विद्येने येथे केवळ उसने घेतले नाही, काही परतही केले.)

ह्या दोन सूत्रांतील भेद वरवर पाहता सोयीचा वाटतो, पण तो तत्त्वाचा आहे. पहिले सूत्र तक्ता ओळखते ते त्याच्या क्रमांकावरून. पानाच्या संपादकाने वर एक लहानसा तक्ता नव्याने घातला की कालचा दुसरा तक्ता आज तिसरा होतो, आणि सूत्र काहीही तक्रार न करता नवा दुसरा तक्ता आणून ठेवते. दुसऱ्या सूत्रात मात्र 'ज्या तक्त्याच्या शीर्षओळीत अमुक शब्द आहे तो', असे सांगता येते. एखाद्या पदाची व्याख्या 'वाक्यातील तिसरा शब्द' अशी करणे आणि 'क्रियापदाशी वचनाने जुळणारे पद' अशी करणे ह्यांत जे अंतर आहे, तेच येथे आहे. शक्य असेल तेथे दुसरा मार्ग धरावा. पानाची सर्व रचनाच बदलली तर तोही कोलमडतो, परंतु तो बहुधा रिकामा हात दाखवून कोलमडतो, खोटा आकडा देऊन नव्हे.

काही पाने ह्या सूत्रांना वाचताच येत नाहीत. जी पाने प्रथम रिकामा सांगाडा पाठवितात आणि मजकूर मागाहून वाचकाच्या संगणकावर जुळवून आणतात, त्यांच्या बाबतीत सूत्राच्या हाती सांगाडाच पडतो. तसेच गूगल शीट्सची विनंती आपल्या संगणकावरून जात नाही. ती गूगलच्या संगणकांवरून जाते. त्यामुळे ज्या पानासाठी आपण नाव व परवलीचा शब्द देऊन आत शिरलो आहोत, ते आपल्याला दिसत असले तरी सूत्राला दिसत नाही. एक्सेलची गोष्ट निराळी. त्यातील पॉवर क्वेरी हे साधन २०१६ च्या आवृत्तीपासून मूळ कार्यक्रमातच अंतर्भूत झाले. ते आपल्याच यंत्रावरून विनंती करते, आणलेल्या तक्त्यावर कोणकोणते संस्कार केले त्यांची पायरीवार नोंद ठेवते, आणि फाइल उघडताच किंवा ठराविक मिनिटांनी पुन्हा माहिती आणावी अशी आज्ञा त्यास देता येते. लिबरऑफिसच्या कॅल्कमध्येही बाह्य सामग्रीचा दुवा जोडण्याची व्यवस्था आहे. पुढील विवेचन मुख्यतः गूगल शीट्सला धरून असले, तरी त्यातील सावधगिरी तिन्ही ठिकाणी सारखीच लागू आहे.

आता 'आपोआप' ह्या शब्दाचा अर्थ पाहू. विद्यार्थी समजतात की, मूळ पान बदलले की पत्रक तत्क्षणी बदलते. तसे होत नाही. ही आयातसूत्रे पत्रक उघडे असताना साधारणतः तासातासाने मूळ पानाकडे पुन्हा जातात. पत्रक मिटलेले असेल तर त्या काळातील घडामोडी त्यात येत नाहीत, आणि ते पुन्हा उघडले की मधल्या आठ दिवसांचा प्रवास वगळून आजची स्थिती समोर येते. कालची स्थिती गेली ती गेलीच. पत्रकाला भूतकाळ नाही. त्याला केवळ वर्तमान आहे, आणि तोही तासाभराने शिळा. भाषेच्या वाढीचा आलेख काढू पाहणाऱ्यास वर्तमानाचे एकच टिंब हाती येऊन काय उपयोग, हा प्रश्न येथेच उभा राहतो. त्याकडे वळण्यापूर्वी आलेला आकडा हा मुळात आकडा आहे की नाही, हे पाहणे भाग आहे.

मराठी सामग्रीच्या बाबतीत ही शंका पोकळ नव्हे. मराठी विकिपीडियावरील सांख्यिकीच्या पानावर संख्या देवनागरी अंकांत छापलेल्या असतात. युनिकोडमध्ये देवनागरी अंकांना स्वतंत्र स्थाने आहेत, आणि ते योग्यच आहे. परंतु स्प्रेडशीट पुष्कळदा त्यांना संख्या न मानता अक्षरे मानते. बेरजेचे सूत्र रकान्यातील अक्षरांकडे दुर्लक्ष करते. परिणामी दहा मोठ्या संख्यांची बेरीज शून्य येते, किंवा त्याहून वाईट म्हणजे, निम्म्या संख्या एका लिपीत आणि निम्म्या दुसरीत असतील तर, दिसायला समंजस पण सर्वस्वी चुकीची येते. शून्य आले तर डोळे उघडतात. अर्धी बेरीज आली तर कोणाचेच उघडत नाहीत. ह्यावर सोपी कसोटी अशी : काउंट हे सूत्र केवळ संख्या मोजते, काउंटए हे सर्व भरलेली घरे मोजते. दोहोंची उत्तरे शीर्षओळ वगळून जुळत नसतील, तर तेथे अक्षरांच्या वेषात काही संख्या बसलेल्या आहेत असे समजावे. त्यांना सब्स्टिट्यूट ह्या सूत्राने एकेक अंक बदलून, आणि स्वल्पविराम काढून टाकून, संख्यारूप द्यावे. काम कंटाळवाणे आहे, पण एकदाच करावयाचे आहे.

उलट प्रकारचा घातही होतो. जे संख्या किंवा तारीख नाही, तिला पत्रक अतिउत्साहाने तारीख बनविते. उदाहरणक्रम म्हणून लिहिलेले '३-५' इंग्रजी अंकांत असेल तर ते पाच मार्च किंवा तीन मे होऊन बसते. हा घोटाळा केवळ नवशिक्यांचा नाही. जनुकांची काही इंग्रजी संक्षिप्त नावे मार्च आणि सप्टेंबर ह्या महिन्यांसारखी दिसत असल्यामुळे एक्सेल त्यांच्या तारखा करीत असे, आणि अखेर २०२० साली जनुकनामांच्या आंतरराष्ट्रीय समितीने ती नावेच बदलली. शास्त्राने यंत्रापुढे हार खाल्ल्याचे असे उदाहरण विरळा.

तिसरा घोटाळा खास आपला आहे. 'वाऱ्यावर' ह्या शब्दातील रफार-सदृश चिन्ह, ज्याला काही जण पापणीचा र म्हणतात, ते युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येते : एकदा नुक्तायुक्त ऱ घेऊन, आणि एकदा साधा र, हलन्त चिन्ह व त्यामागे एक अदृश्य जोडवर्ण घालून. डोळ्यांना दोन्ही शब्द एकच दिसतात. यंत्राला ते दोन वेगळे शब्द आहेत. दोन संकेतस्थळांवरून आलेल्या शब्दसूच्या परस्परांशी ताडून पाहताना काही शब्द 'सापडले नाहीत' असे उत्तर आले, तर कोशकाराला दोष देण्यापूर्वी ह्या अदृश्य वर्णाची चौकशी करावी.

ह्या सर्वांपेक्षा गंभीर अशी जी चूक आहे, ती प्रस्तुत लेखकाने स्वतः केली आहे, म्हणून तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे योग्य होईल. विकिपीडियांची वर सांगितलेली यादी पत्रकात आणून तिच्या उजवीकडील मोकळ्या रकान्यात मी भारतीय भाषांपुढे हाताने शेरे लिहिले होते : अमुक भाषेत लेखांचा मोठा भाग यंत्राने तयार केलेला, तमुक ठिकाणी सक्रिय सदस्य अत्यल्प, गोव्याच्या कोकणीत देवनागरी व रोमी अशा दोन्ही लिप्यांतील लेख, इत्यादी. दोन-तीन आठवडे हे शेरे वाढत गेले. एके दिवशी पत्रक उघडले तो लिप्यांविषयीचा शेरा कोकणीपुढे नसून कोणत्या तरी दूरदेशीच्या भाषेपुढे उभा होता. कारण साधे होते. यादी लेखसंख्येच्या क्रमाने लागते. मधल्या काळात काही भाषांनी परस्परांच्या जागा घेतल्या होत्या. आयात केलेल्या ओळी नव्या क्रमाने आल्या, आणि हाताने लिहिलेले शेरे जेथल्या तेथे राहिले. पत्रकाच्या दृष्टीने शेरा हा भाषेचा नव्हताच; तो सत्तराव्या किंवा दोनशेव्या घराचा होता. लिपीचा शेरा हास्यास्पद ठिकाणी पडला म्हणून चूक ध्यानात आली. पण 'सक्रिय सदस्य अत्यल्प' हा शेरा एका भाषेवरून शेजारच्या भाषेवर सरकला असता तर तो तेथेही शोभून दिसला असता, आणि मी तो तसाच छापावयास दिला असता. त्या दिवशी सर्व शेरे मूळ टिपणवहीशी ताडून पाहावे लागले. टिपणवही होती, हे सुदैव.

ह्यापासून काढावयाचा नियम असा की, आपोआप येणारी सामग्री आणि हाताने लिहिलेली सामग्री एका पत्रकात शेजारी-शेजारी ठेवू नये. शेरे वेगळ्या पत्रकात ठेवावेत, प्रत्येक शेऱ्यापुढे त्या भाषेची खूण लिहावी, आणि व्हीलुकअप किंवा तत्सम सूत्राने ती खूण शोधून दोहोंची जुळणी करावी. म्हणजे ओळी कितीही हलल्या तरी शेरा आपल्या भाषेमागे जातो. खूण म्हणून भाषेचे नाव घेण्यापेक्षा तिचा संकेतवर्ण घेणे इष्ट, कारण नावांच्या लेखनात वर सांगितलेले अदृश्य भेद शिरतात. अर्थात संकेतवर्णांनाही इतिहासाचे ओझे असते. भोजपुरी विकिपीडियाच्या पत्त्यात 'बीएच' ही जी खूण आहे, ती वस्तुतः बिहारी ह्या भाषासमूहाची होती, भोजपुरीचा स्वतंत्र प्रमाणसंकेत 'बीएचओ' असा आहे. पंजाबीची गुरुमुखीतील आणि शाहमुखीतील विकिपीडिया ह्या यादीत दोन भाषा म्हणून दोन ओळींत येतात, तर कोकणीच्या वर सांगितलेल्या दोन लिप्या एकाच ओळीत नांदतात. लिपी बदलली की भाषा बदलते काय, ह्या प्रश्नाचे उत्तर यादी करणाऱ्याने दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी दिलेले आहे. ओळ आयात करणारा ते उत्तर नकळत मान्य करतो.

आता भूतकाळाचा प्रश्न. पत्रकाला स्मृती नसेल तर ती आपण द्यावयाची. सर्वांत सोपा उपाय म्हणजे आलेला तक्ता निवडून त्याची नक्कल घेणे आणि दुसऱ्या पत्रकात 'केवळ मूल्ये' ह्या पर्यायाने चिकटविणे. मग तेथे सूत्र राहत नाही, आकडे राहतात, आणि ते कायमचे राहतात. त्यांच्या माथ्यावर दिनांक लिहावा. पण तो हाताने लिहावा. टुडे हे सूत्र घालण्याचा मोह अनेकांना होतो, आणि मग जानेवारीत घेतलेली नोंद जूनमध्ये जूनचा दिनांक मिरवू लागते. सामग्री गोठविली आणि दिनांक वाहता ठेवला, तर तो प्रकार मुळीच न गोठविण्याहून वाईट.

दररोज किंवा दर आठवड्यास नोंद हवी असेल तर गूगल शीट्सला जोडून येणाऱ्या अ‍ॅप्स स्क्रिप्टमध्ये एक लहान आज्ञावली लिहून ठरलेल्या वेळी ती चालेल अशी योजना करता येते. अशी आज्ञावली पत्रक मिटलेले असतानाही चालते, आणि प्रत्येक वेळी खाली एक नवी ओळ जोडते. येथे एक सूचना आवश्यक आहे. आज्ञावलीने पत्रकातील आयातसूत्राचे उत्तर उचलू नये, कारण ते उत्तर त्या क्षणी शिळे असेल किंवा अद्याप यावयाचे असेल. तिने स्वतःच संकेतस्थळाकडे माहिती मागावी. विकिमीडियाच्या प्रत्येक प्रकल्पावर यंत्रांसाठी एक वेगळे प्रवेशद्वार आहे. तेथे सांख्यिकी मागितली असता लेख, संपादने, सक्रिय सदस्य ह्यांचे आकडे पानाच्या सजावटीशिवाय मिळतात, आणि तक्त्याच्या क्रमांकाचा व देवनागरी अंकांचा दोन्ही प्रश्न उद्भवत नाहीत. दैनिक वेळ ठरविताना यंत्र तास पाळते, मिनिट पाळीलच असे नाही, आणि विकिमीडियाचा दिवस जागतिक प्रमाणवेळेने सुरू होतो, हेही लक्षात ठेवावे. आपल्याकडील पहाटे साडेपाचपूर्वी घेतलेली नोंद तेथील आदल्या दिवसाची असते. महिनाअखेरीच्या आकड्यांत ह्यामुळे एका दिवसाचा फरक पडतो.

येथे एक शंका संभवते. विकिपीडियाच्या प्रत्येक पानाचा इतिहास जतन केलेला असतो, जुन्या आवृत्तीला स्थिर पत्ता असतो, तर मग आपण वेगळी नोंद का ठेवावी? शंका योग्य आहे, आणि साध्या गद्य लेखाच्या बाबतीत जुन्या आवृत्तीचा पत्ता देणे पुरेसेही आहे. परंतु पानात एखादा साचा समाविष्ट केलेला असेल, म्हणजे त्यातील काही भाग दुसऱ्या पानावरून ओढून आणलेला असेल, तर जुनी आवृत्ती उघडली असता त्या भागाचे आजचे रूप दिसते. आकड्यांचे तक्ते बहुधा असेच बाहेरून ओढलेले असतात. म्हणजे वाचक पाच वर्षांपूर्वीच्या आवृत्तीवर जातो, माथ्यावर पाच वर्षांपूर्वीचा दिनांक पाहतो, आणि खाली आजचे आकडे वाचतो. प्रबंधाच्या परीक्षकाने दिलेला पत्ता उघडून पाहिला आणि आकडे जुळले नाहीत, तर विद्यार्थ्याने खोटे आकडे दिले असाच त्याचा ग्रह होईल. यास्तव पानाचे बाहेरच्या संग्रहातही एक चित्र ठेवावे. इंटरनेट आर्काइव्ह ह्या १९९६ साली स्थापन झालेल्या संस्थेची वेबॅक मशीन ही सेवा २००१ पासून सर्वांना खुली आहे. तेथे कोणतेही सार्वजनिक पान त्या क्षणीच्या स्थितीत जतन करण्याची विनंती करता येते, आणि दिनांक व वेळ अंतर्भूत असलेला पत्ता मिळतो. तो पत्ता तळटीपेत द्यावा. गोठविलेले पत्रक परिशिष्टात द्यावे.

दिनांकासहित गोठविलेल्या आकड्याचाही अर्थ लावावा लागतो, आणि तेथे यंत्र साहाय्य करीत नाही. 'लेख' म्हणजे काय? विकिमीडियाच्या गणनेत मुख्य नामविश्वातील, पुनर्निर्देशन नसलेले, आणि निदान एक अंतर्गत दुवा असलेले पान म्हणजे लेख. ते दोन ओळींचे असो वा वीस पृष्ठांचे, गणनेत एकच. त्यामुळे फिलिपाइन्समधील सेबुआनो ह्या भाषेचा विकिपीडिया लेखसंख्येत दीर्घकाळ इंग्रजीच्या खालोखाल राहिला आहे. त्यातील बहुसंख्य लेख स्वेरकर योहान्सन ह्या स्वीडिश गृहस्थांच्या यंत्रलेखकाने, म्हणजे बॉटने, वनस्पती, प्राणी आणि भौगोलिक स्थळे ह्यांच्या सूच्यांवरून तयार केलेले आहेत. आपल्या शेजारच्या विष्णुप्रिया मणिपुरी आणि नेपाळ भाषेच्या विकिपीडियांतही यंत्रनिर्मित लेखांचे प्रमाण मोठे आहे. 'सक्रिय सदस्य' म्हणजे गेल्या तीस दिवसांत एखादी तरी कृती केलेला नोंदणीकृत सदस्य. ही व्याख्या उदार असली तरी भाषेच्या लेखनव्यवहाराचा अंदाज घेण्यास लेखसंख्येपेक्षा तीच अधिक उपयोगी, असे माझे मत आहे. कारण लेख एका रात्रीत दहा हजारांनी वाढविता येतात. माणसे येत नाहीत. मराठीच्या ओळीकडे पाहतानाही दृष्टी ह्याच रकान्यावर ठेवावी, आणि एका महिन्याचा आकडा घेऊन थांबू नये. लेखनस्पर्धा किंवा संपादन-कार्यशाळा झालेल्या महिन्यात तो उसळतो आणि पुढे ओसरतो. ही भरती-ओहोटी एका टिंबात दिसत नाही. तिच्यासाठी वर्ष-दोन वर्षांच्या दिनांकित ओळीच लागतात.

शेवटी संकेतस्थळावर पडणाऱ्या भाराविषयी. एका यादीसाठी तासाला एक विनंती, हा भार नगण्य आहे. परंतु एखादा विद्यार्थी मराठी विकिपीडियातील हजारो लेखांची शब्दसंख्या काढण्यासाठी हजारो घरांत हजारो सूत्रे भरून बसतो, तेव्हा पत्रक मंदावते, सूत्रे 'लोडिंग' ह्या शब्दावर अडकून पडतात, आणि संकेतस्थळाने ती विनंती नाकारली तरी त्याला दोष देता येत नाही. संकेतस्थळाने यंत्रांना कोठे मज्जाव केला आहे हे रोबोट्स नावाच्या लहानशा फाइलीत लिहिलेले असते. ही प्रथा १९९४ पासूनची असून ती प्रथम वाचावी. शब्दसंख्या, शब्दवारंवारता, प्रत्ययांचे वितरण असल्या कामांसाठी तर हा मार्गच चुकीचा आहे. विकिमीडिया आपल्या सर्व प्रकल्पांच्या मजकुराच्या संपूर्ण प्रती ठराविक काळाने, दिनांकासहित, विनामूल्य प्रसिद्ध करते. मराठी विकिपीडियाची अशी प्रत साध्या संगणकावर सहज मावते. ती एकदा उतरवून घेतली की आंतरजालाशी संबंध संपतो, दिनांक फाइलीच्या नावातच असतो, आणि पुढील सर्व मोजणी स्वतःच्या यंत्रावर, हवी तितकी वेळ, त्याच सामग्रीवर करता येते. मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली असल्यामुळे श्रेयनिर्देश करून तो वापरण्यास आडकाठी नाही. मात्र ह्या प्रतींपैकी अलीकडच्याच तेथे ठेवल्या जातात व जुन्या काढून टाकल्या जातात. म्हणून ज्या प्रतीवर काम केले ती प्रत, प्रबंधिका सादर होऊन गेल्यावरही, विद्यार्थ्याने आणि विभागानेही सांभाळून ठेवावी.